मुलाला खुणांची भाषा शिकवली तर तो बोलायचाच नाही का?

प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वडिलांचा आहे. मुलगा दोन वर्षांचा. बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणाऱ्या तपासणीत दोन्ही कानांची पातळी ९० डेसिबलच्या पुढे आली, म्हणजे फार मोठा आवाज असला तरच पोचतो. डॉक्टरांनी कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून बसवायचं ऐकण्याचं यंत्र, सुचवलं. स्पीच थेरपीला गेल्यावर सांगण्यात आलं की घरातले हातवारे आत्तापासून बंद करा, खुणांची सवय लागली की मूल बोलायचा कंटाळा करतं. आजी म्हणतात, चारचौघांत हात हलवत बसला तर लोक काय म्हणतील. आजोबांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं, त्यांनाही आता कमी ऐकू येतं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील विचारतात: खुणांची भाषा शिकवू की नको? ऑपरेशन करू का? शाळा कुठली? आणि पुढचं मूलही असंच होईल का?

उत्तर आधी देते, कारणं मागून. खुणांची भाषा आजपासून सुरू करा. ऑपरेशनचा विचार स्वतंत्रपणे करा, आणि तोही लवकर. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. कानाचं काय ते ठरेपर्यंत मुलाला भाषेवाचून ताटकळत ठेवू नका.

मी कर्णबधिर मुलांची शिक्षिका आहे आणि दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, बँकेत गरज लागेल तेव्हा दुभाषी म्हणून जाते. माझे आईवडील दोघेही जन्मापासून कर्णबधिर. मला आधी हातांची भाषा आली, मग आजीकडून तेलुगू, मग गल्लीतून आणि शाळेतून मराठी. यातली एकही भाषा दुसरीला खाऊन बसली नाही. तुम्ही पूर्व भागातले आहात, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडचं पोर घरात तेलुगू बोलतं, शाळेत मराठी, शेजारच्या घरी हिंदी, आणि अक्कलकोटकडे पाहुण्यांत गेलं की चार दिवसांत कन्नडही समजायला लागतं. त्याच्या आईला कुणी सांगत नाही की बाई, तेलुगू बंद कर, नाहीतर पोराला मराठी येणार नाही. मग हाच नियम फक्त कर्णबधिर मुलाला का लावायचा?

दोन वर्षांचं ऐकणारं मूल पन्नासच्या पुढे शब्द बोलतं, दोन शब्द जोडून मागणं मागतं, आणि समजतं त्याच्या कितीतरी पट जास्त. हे त्याला कुणी शिकवायला बसलेलं नसतं. भांड्यांच्या आवाजात, भांडणात, फोनवरच्या बोलण्यात भाषा त्याच्या कानावर पडत राहते. तुमच्या मुलापर्यंत त्यातलं काहीच पोचलेलं नाही. पहिली चार-पाच वर्षं मेंदू भाषा आपसूक उचलतो. त्यानंतरही शिकता येतं, पण फार कष्टाने, आणि बऱ्याचदा अर्धंमुर्धं. दहा-अकरा वर्षांची, हुशार डोळ्यांची मुलं शाळेत पहिल्यांदा येतात आणि त्यांच्याकडे ‘काल’, ‘उद्या’, ‘का’, ‘जर’ यांतलं काहीच नसतं, तेव्हा माझा जीव तुटतो. त्यांच्या बुद्धीत काही कमी नसतं. कुठलीही पूर्ण भाषा त्यांच्यापर्यंत वेळेत आलेली नसते. बहुतेकांच्या घरच्यांनी मशीनची, ऑपरेशनची, ‘बोलेल हळूहळू’ची वाट बघितलेली असते.

मेंदूला भाषा हवी असते, ती कानातून यावी असा त्याचा हट्ट नसतो. लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट या दोन संशोधिकांनी १९९१ साली कॅनडातल्या कर्णबधिर आईबापांच्या कर्णबधिर बाळांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ऐकणारी बाळं ज्या वयात ‘बाबाबा’, ‘दादादा’ करतात, त्याच वयात ही बाळं हातांनी तसंच बडबडत होती: अर्थ नसलेल्या, पण ठरावीक लयीत पुन्हापुन्हा येणाऱ्या हालचाली. माझ्या आईच्या मैत्रिणीच्या बाळाचं ते बडबडणं मी डोळ्यांनी पाहिलंय. कर्णबधिर मुलांतली दहातली नऊहून जास्त मात्र ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात. त्या घरात खुणांची भाषा कुणालाच येत नसते आणि बोलणं मुलाला ऐकू येत नसतं. तुमचं घर तसंच आहे. म्हणून आधी तुम्ही शिकायचं आहे, मुलगा आपोआप शिकेल.

‘खुणा केल्या की बोलत नाही’ याला आधार काय, हेही प्रामाणिकपणे सांगते. २०१७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. इम्प्लांट केलेल्या ज्या मुलांच्या घरी खुणा वापरल्या जात नव्हत्या, ती बोलण्यात पुढे होती, असं त्यात दिसलं. स्पीच थेरपीवाले याचाच दाखला देतात. पण ज्या मुलांचं बोलणं चांगलं सुरू होतं त्यांच्या घरचे खुणा सोडून देतात आणि ज्यांचं अडतं त्यांच्या घरचे चालू ठेवतात. मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? शिवाय त्या आईबापांना खुणांची भाषा कितपत येत होती, हे नीट मोजलेलंच नव्हतं. त्याआधी २०१४ साली इम्प्लांट केलेल्या, पण कर्णबधिर आईबापांच्या घरात जन्मापासून खुणांत वाढलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्यांचं इंग्रजी बोलणं त्यांच्यासारख्याच द्विभाषिक, ऐकणाऱ्या मुलांच्या बरोबरीचं निघालं. त्यात मुलं थोडीच होती, हे मान्य. पण खुणांमुळे बोलणं मरतं असा नियमच असता, तर त्या मुलांत तो सगळ्यात आधी दिसायला हवा होता.

ही भीती विज्ञानातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. प्रतिनिधी १६४, त्यांत कर्णबधिर एक. ठराव झाला की शिक्षण तोंडी बोलण्यातूनच व्हावं, खुणा वर्ज्य. युरोप-अमेरिकेतल्या शाळांतून कर्णबधिर शिक्षक हळूहळू बाहेर काढले गेले. आपल्याकडची पहिली शाळा मुंबईत निघाली ती त्याच दशकात, आणि तीच हवा इथेही आली. माझ्या वडिलांच्या लहानपणी त्यांच्या शाळेत हात हलले की पट्टी बसायची. मधल्या सुटीत पोरं भिंतीआड जाऊन खुणा करायची. वडिलांना भूगोल, पैशांचा हिशोब, क्रिकेट जे काही कळलं ते त्या भिंतीआड. वर्गात ते ‘प’ म्हणायला शिकत होते, ओठासमोर धरलेला कागद हलेपर्यंत. मिलानचे ठराव चुकीचे होते आणि त्यांनी नुकसान केलं, हे त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१० साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये मान्य केलं आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षं लागली. आपल्याकडच्या कित्येक थेरपी सेंटरपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

‘ओठ बघून समजेल की’ असंही तुम्हाला सांगितलं जाईल. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘मामा’, ‘बाबा’, ‘पापा’ म्हणा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. आता ‘काका’ म्हणून बघा. ओठांवर जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण क, ख, ग, घ घशाजवळ तयार होतात. म्हणजे घरातल्या अर्ध्या नात्यांतच गोंधळ. मराठी येणारा मोठा माणूस संदर्भावरून अंदाज बांधू शकतो, कारण भाषा त्याच्याकडे आधीच असते. ज्याच्याकडे ती नाही त्या दोन वर्षांच्या मुलाने कशाच्या आधारे अंदाज करायचा? ओठ वाचणं ही पुढे कामाला येणारी मदत आहे. भाषा शिकायचं ते साधन होऊ शकत नाही.

आता ऑपरेशन. मी त्याच्या विरुद्ध नाही. कर्णबधिर समाजातले माझे काही जवळचे लोक विरुद्ध आहेत आणि त्यांचा राग मला समजतो, कारण त्यांना आयुष्यभर ‘दुरुस्त करायची वस्तू’ म्हणून बघितलं गेलं. पण निर्णय तुमचा आहे आणि तो माहितीवर घ्या. इम्प्लांटचा एक भाग त्वचेखाली बसतो, त्याची तार आतल्या कानाच्या शंखात जाते. दुसरा भाग कानामागे बाहेर असतो, तो आवाज पकडून विजेच्या संकेतांत बदलतो. यातून मिळणारं ऐकणं तुमच्या-माझ्या ऐकण्यासारखं नसतं. मुलाच्या मेंदूला ते ऐकणं शिकावं लागतं आणि त्यासाठी काही वर्षं नियमित थेरपी लागते. काही मुलं फार सुंदर बोलायला लागतात. काहींना आवाज कळतात, बोलणं फारसं येत नाही. कुठलं मूल कुठे पोचेल हे ऑपरेशनआधी खात्रीने सांगणारा कुणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वय जितकं कमी तितका फायदा जास्त, हे मात्र पक्कं. केंद्राच्या एडिप योजनेत लहान वयाच्या अशा मुलांना पाच वर्षांपर्यंत मदत मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातूनही रस्ता आहे. सिव्हिलमध्ये जाऊन जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. त्याआधी चांगलं श्रवणयंत्र लावून काही महिने बघण्याचा टप्पा असतो, तो टाळू नका. मेंदुज्वराविरुद्धची लस ऑपरेशनआधी द्यावी लागते, तेही विचारा.

ऑपरेशन फुकट झालं तरी खर्च संपत नाही. बॅटरी, वायर, कॉइल, यंत्राचं सेटिंग पुन्हापुन्हा करून घ्यायला पुण्या-मुंबईच्या खेपा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लहान मुलाच्या कानामागे घाम साचतो आणि यंत्र ओलं होतं. ओलावा शोषणारा डबा रोज रात्री वापरावा लागतो. आणि एक गोष्ट दवाखान्यात क्वचितच कुणी बोलून दाखवतं. आंघोळीला, झोपताना, बॅटरी संपल्यावर, यंत्र दुरुस्तीला गेल्यावर तुमचा मुलगा कर्णबधिरच असणार आहे. रात्री ताप चढला, यंत्र काढून ठेवलंय, आणि त्याला कुठे दुखतंय हे सांगायचं आहे, तेव्हा तो कुठल्या भाषेत सांगेल?

भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे बोलण्याला लावलेले हातवारे नव्हेत. तिला स्वतःचं व्याकरण आहे. वेळ आधी येते, प्रश्न आणि नकार शेवटी. ‘मी काल पंढरपूरला गेलो नाही’ हे ‘काल – मी – पंढरपूर – जाणे – नाही’ असं होतं. ‘तू कुठे राहतोस?’ हे ‘तू – राहणे – कुठे’. भुवया, मान, गाल, खांद्याचा कल हे सगळं व्याकरणाचं काम करतं, म्हणून खुणा करताना चेहरा कोरा ठेवलात तर मुलाला निम्मं वाक्यच मिळेल. समोरच्या हवेत एकदा डावीकडे आजीला आणि उजवीकडे दुकानाला जागा दिली की पुढचं सगळं बोलणं त्या जागांच्या आधाराने चालतं. खुणांची भाषा जगभर एकच आहे हा गैरसमज काढून टाका. अमेरिकेतली वेगळी, ब्रिटनमधली वेगळी. १९७० च्या दशकात, स्वतः कर्णबधिर असलेले मदन वशिष्ठ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा नोंदवल्या. शब्द थोडेफार वेगळे निघाले, व्याकरण एकच. सोलापुरातल्या जुन्या माणसांच्या काही खुणा तुम्हाला कोशात सापडणार नाहीत. त्यांच्याकडूनच शिका.

कोश आहे, आणि फुकट आहे. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत सुरू झालं. त्यांचा पहिला कोश २०१८ साली ३,००० शब्दांचा होता, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. सगळे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. रोज पाच शब्द घ्या, पण तुमच्या घरातले घ्या: पाणी, दूध, भाकरी, गरम, दुखतंय, आणखी, संपलं, आजी, यंत्रमाग, बाहेर, थांब, का. मात्र व्हिडिओवर भाषा येत नाही, माणसांत येते. कर्णबधिर मोठी माणसं शोधा. शाळा सुटायच्या वेळी कर्णबधिर विद्यालयाच्या फाटकाशी उभं राहिलात तरी माजी विद्यार्थी, पालक भेटतील. त्यांतल्या एखाद्या ताईला किंवा दादाला आठवड्यातून दोनदा घरी बोलवा, वेळेचे पैसे द्या. तुमच्या मुलाने आजवर एकही कर्णबधिर मोठा माणूस पाहिलेला नसेल. माझ्या वर्गात अशी मुलं येऊन गेलीत ज्यांना वाटायचं की मोठं झाल्यावर आपल्याला ऐकू यायला लागेल, कारण त्यांच्या ओळखीच्या सगळ्या मोठ्या माणसांना ऐकू येत होतं. ते ताई-दादाच तुमच्या मुलाला त्याची नाव-खूण, म्हणजे त्याला ओळखायची खूण, देतील. ती तुम्ही घरात बसून ठरवू नका. कर्णबधिर माणसांनी दिलेलं ते नाव असतं आणि त्याचा मान असतो.

घरातलं बोलणं असं बदला. आधी त्याची नजर तुमच्याकडे वळू द्या, खांद्याला हलकेच हात लावा किंवा दिवा चालू-बंद करा, मगच बोला. खिडकीला पाठ करून उभे राहू नका, तुमचा चेहरा काळा दिसतो. त्याला खेळणं दाखवत असताना खुणा त्या खेळण्याच्या जवळ करा, म्हणजे त्याला दोन ठिकाणी बघावं लागणार नाही. बाहेर जायच्या आधी कुठे जायचंय ते सांगा. ऐकणाऱ्या मुलाला चपला घालताना कुणीतरी म्हणालेलं ऐकू येतं, याला एकदम उचललेलं कळतं. ही मुलं हट्टी, चिडखोर असतात असं जे म्हटलं जातं, त्यातलं फार मोठं कारण हेच आहे.

सगळ्यात जास्त जपायची गोष्ट जेवणाच्या ताटाभोवतीची. सगळे हसतात, कर्णबधिर मूल विचारतं काय झालं, आणि उत्तर मिळतं: ‘काही नाही’, ‘नंतर सांगते’, ‘तुला नाही कळायचं’. मोठ्या झालेल्या कर्णबधिर माणसांना घरची कुठली गोष्ट सलते असं विचारलं तर मार, गरिबी यांच्याआधी बरेच जण हे ‘काही नाही’ सांगतात. माझ्या आईच्या माहेरी कुणी ती भाषा शिकलं नाही. तिच्या वडिलांना कसला आजार होता हे तिला ते गेल्यानंतर कळलं. सख्ख्या घरात ती पाहुणी होती. मारहाण, हाकलून देणं हे लोकांना दिसतं आणि वाईट वाटतं. हे मात्र प्रेमळ घरांत, कुणाच्याही मनात वाईट नसताना, रोज दोन वेळा होतं. उरलेला अन्यायही बहुतेक असाच, मायेच्या आवाजातला असतो.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं बघा. जानेवारीत तुम्ही त्याला खांद्यावर बसवून नेणारच. त्याला सातही नंदीध्वज दिसतील, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं दिसतील, संमती कट्ट्याजवळची गर्दी आणि हवेत उडणाऱ्या अक्षता दिसतील. शेजारच्या मुलाला कुणाचं लग्न, ती कुंभारकन्या कोण, सिद्धरामेश्वर कोण हे आजीच्या तोंडून येता-जाता कळतं. तुमच्या मुलाला कुणी मुद्दाम सांगितलं नाही तर दहाव्या वर्षीही त्याच्यासाठी तो नुसता रंगांचा गोंधळ राहील. आजींना ‘लोक काय म्हणतील’ची काळजी आहे ना, त्यांनाच हे काम द्या. त्यांच्याकडे गोष्टी आहेत. हात थोडे चुकले तरी चालतील. आजी यात्रेत नातवाला हातांनी गोष्ट सांगतेय हे लोक बघतील तर बघू देत. पहिल्या वर्षी वळून बघतील, तिसऱ्या वर्षी त्यांच्या पोरांना दोन खुणा येत असतील.

आजोबांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण त्यावर मला थांबायचं आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज असेल तर वर्षानुवर्षांनी कान जातात. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० च्या पुढे जाणं नेहमीचं. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मरतात आणि परत येत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, च, त ऐकू येत नाहीत. माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. ओरडून उपयोग होत नाही, उलट शब्द आणखी फाटतात. समोर बसून, नेहमीच्या आवाजात, जरा सावकाश बोलायचं असतं. आपल्या पूर्व भागात घरोघरी असे आजोबा आहेत आणि घरोघरी तीच थट्टा: ‘म्हाताऱ्याला पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं.’ या शहराची चादर विणताना त्यांचे कान गेले. त्यांची तपासणी करा, मशीन लावून द्या, आणि नातवाबरोबर त्यांनाही खुणा शिकू द्या. गलबल्यात, लग्नात, कान थकल्यावर त्यांनाही त्या उपयोगी पडतील. घरात खुणा करणारे दोघे झाले की ‘बिचारं पोर’ हा सूर आपोआप कमी होतो. आणि घरातलं कुणी अजून मागावर असेल तर कानात आवाज अडवणारे इअरप्लग घालूनच कामाला जाऊ दे.

एका शेडमध्ये कर्णबधिर कामगाराला मुद्दाम सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मागावर लावलेलं होतं, ‘त्याला काय, ऐकूच येत नाही’ म्हणून. त्याला थोडं ऐकू येत होतं, तेही गेलं, आणि आता डोक्यात सतत घूं आवाज असतो. दवाखान्यात मी दुभाषी म्हणून जाते तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणतात, ‘हिला विचारा, कधीपासून दुखतंय.’ ती बाई तीस वर्षांची, दोन मुलांची आई, समोर बसलेली असते. मी दरवेळी सांगते: त्या समोर आहेत, त्यांच्याकडे बघून बोला, मी सांगते. तुमच्या मुलाच्या बाबतीतही हे होणार. त्याच्याबद्दलचा प्रश्न कुणी तुम्हाला विचारला तर तो आधी त्याच्याकडे वळवा, खुणांनी त्याला सांगा, मग उत्तर द्या. पाच वर्षांचा असल्यापासून त्याला हे दिसलं पाहिजे.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त तोटा असणाऱ्याला कर्णबधिर धरतो, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण हा हक्क आहे. सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमणं हे शासनाचं कर्तव्य आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के आरक्षणात एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. २०२३ साली सारा सनी या कर्णबधिर वकील सर्वोच्च न्यायालयात दुभाष्याच्या मदतीने उभ्या राहिल्या. हे मुलाला मोठा होताना दाखवा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र आत्ताच काढा, पुढच्या प्रत्येक खिडकीवर ते मागतात.

शाळेच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे, सगळ्यांना पटेल असं नाही. लहान वयात त्याला कर्णबधिर मुलांची संगत मिळालीच पाहिजे. निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाच्या शेवटी पहिल्यांदा मोठ्या संख्येने कर्णबधिर मुलं एका शाळेत आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. मुलांनी मैदानात आणि बसमध्ये आपापसांत एक नवी भाषाच उभी केली, आणि लहान मुलांनी ती मोठ्यांपेक्षा जास्त पक्की केली. मुलांना मुलं लागतात. म्हणून पहिली काही वर्षं चांगली विशेष शाळा, मग वाचन-लेखन पक्कं झाल्यावर हवं तर जवळची साधी शाळा. पण ‘विशेष’ पाटी बघून जाऊ नका. वर्गात अर्धा तास बसा. शिक्षक खुणा करतात की फळ्याकडे तोंड करून बोलतात? एखादा शिक्षक स्वतः कर्णबधिर आहे का? मुलं शिक्षकांना प्रश्न विचारतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर त्या शाळेत भाषा नाही, नुसती शिस्त आहे. साध्या शाळेत घातलंत तर साठ मुलांच्या वर्गात दुभाष्याशिवाय तो बाकावर बसून वह्या उतरवेल, परीक्षेत पासही होईल, आणि त्याला काय समजलंय हे कुणालाच कळणार नाही.

पुढच्या मुलाचं. तुमचं लग्न नात्यातलं आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. आपल्या भागात मामा-भाची, आते-मामे भावंडांत लग्नं होतात, म्हणून विचारते. जन्मजात कर्णबधिरत्वाचं एक मोठं कारण जनुकीय असतं. ऐकू येणाऱ्या आईबाप दोघांकडे एकच दबलेलं जनुक असेल तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते. पहिलं झालं म्हणून दुसरं नाही किंवा दुसरं नक्की, यातलं काहीच खरं नाही. पण गरोदरपणातला रुबेला, कमी दिवसांचं बाळ, जास्त चढलेली कावीळ, मेंदुज्वर, काही इंजेक्शनं हीही कारणं असतात, त्यामुळे तपासणीशिवाय कुणी निष्कर्ष काढू नये. विशेषतः तुमच्या पत्नीला कुणी एक शब्द बोलू नये. जनुकीय तपासणी पुण्या-मुंबईत होते, दोघांनी मिळून जा. आणि पुढचं बाळ झालं की दवाखान्यातून घरी यायच्या आधी ओएई, म्हणजे नवजात बाळाच्या कानाची तपासणी, मागून घ्या. दोन मिनिटांची असते, बाळ झोपेत असलं तरी होते. त्यात काही शंका निघाली तर महिन्याभरात पुन्हा, आणि तीन महिने पुरे व्हायच्या आत बेरा.